ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची फवारणी: पाणी तपासण्यापासून काढणीपर्यंतचा योग्य क्रम

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनालफॉस, डायमेथोएट, ॲसिफेट आणि मॅलाथिऑन ही औषधे एकाच रासायनिक कुळातली, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली आहेत. कापूस, तूर, सोयाबीन आणि भाजीपाला पिकवणाऱ्यांच्या हाताखालून ती वर्षानुवर्षे जात आली आहेत. तरीही त्यांच्याबद्दल दोन चुकीच्या समजुती पक्क्या आहेत. पहिली अशी की औषध पंपात ओतले म्हणजे त्याची ताकद कायम राहते. दुसरी अशी की फवारणीला दोन-चार दिवस उलटले, वास गेला, म्हणजे विष संपले. प्रत्यक्षात हे औषध जास्त सामूच्या (pH), म्हणजे विम्लधर्मी पाण्यात काही तासांतच मोडू शकते, तर थंड, सावलीच्या किंवा कोरड्या जागी आठवडेच्या आठवडे टिकू शकते. शिवाय त्याचा शरीरावर होणारा परिणाम औषध मोडल्यानंतरही उरतो. फवारणीतल्या बहुतेक चुका या तीन गोष्टी लक्षात न घेतल्यामुळे होतात, म्हणून पुढील टप्पे त्याच क्रमाने पाळावेत.

टप्पा १: औषध विकत घेताना

प्रथम पिकावर कोणती कीड आहे आणि ती नुकसानीच्या पातळीवर पोहोचली आहे का, हे शेतात फिरून पाहावे. नंतरच कृषी सेवा केंद्रात जावे. दुकानदाराला “अळीचे औषध द्या” असे न सांगता पीक, कीड आणि पिकाचे वय सांगावे, आणि दिलेल्या औषधाच्या लेबलवर त्या पिकाचे व त्या किडीचे नाव छापलेले आहे याची खात्री करून घ्यावी. पक्के बिल घ्यावे, कारण विषबाधा किंवा पिकाचे नुकसान झाल्यास बॅच क्रमांकासह पुरावा म्हणून तेवढेच हाती असते.

या कुळातील काही औषधे आता कायद्याने बाद आहेत. मिथाइल पॅराथिऑनवर केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने बंदी आली. त्याच आदेशानुसार फोरेट (शेतकरी ज्याला थिमेट म्हणतात), डायक्लोरव्हॉस (नुवान) आणि ट्रायझोफॉस ही औषधे ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासूनच मनाई होती, आणि २०२३ च्या आदेशाने त्याच्या ३६ टक्के द्रावणाचीही विक्री व वापर थांबवण्यात आला. कोठारात उरलेला जुना डबा “वाया कशाला घालवायचा” म्हणून वापरू नये.

डब्यावरील चौकोनाच्या खालच्या त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे तीव्र विषारी, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. हा रंग औषध तोंडावाटे पोटात गेल्यास किंवा कातडीला लागल्यास किती विषारी आहे याच्या प्रयोगशाळेतील मोजमापावरून ठरतो. औषध जमिनीत किती टिकते किंवा ओढ्यातल्या माशांचे काय होते, हे त्यावरून कळत नाही. क्लोरपायरीफॉस पिवळ्या त्रिकोणात बसते, परंतु एक लिटर पाण्यात त्याचे काही मायक्रोग्रॅम मिसळले तरी अनेक जातींचे मासे मरतात.

इशारा: उत्पादनाची तारीख जुनी असलेला किंवा पत्र्याच्या छपराखाली उन्हात पडून राहिलेला डबा घेऊ नये. जुने औषध फक्त कमकुवत होते असे मानले जाते, पण उष्णतेत साठवलेल्या मॅलाथिऑनमध्ये आयसोमॅलाथिऑन नावाचा घटक तयार होतो. शरीरातील जी यंत्रणा मॅलाथिऑन मोडून काढते, तिलाच हा घटक निकामी करतो. १९७६ मध्ये पाकिस्तानात हिवताप निर्मूलनासाठी मॅलाथिऑन फवारणाऱ्या सुमारे ७,५०० कामगारांपैकी अंदाजे २,८०० जणांना विषबाधा झाली व पाच जण दगावले, त्याचे मुख्य कारण हेच होते.

टप्पा २: पाण्याचा सामू तपासणे

बहुतेक जण हा टप्पा गाळतात. ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे पाण्याशी क्रिया होऊन मोडतात, आणि पाणी जितके विम्लधर्मी, म्हणजे सामू जितका जास्त, तितकी ही क्रिया वेगाने होते. एकूण औषधापैकी अर्धे मोडायला लागणाऱ्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. प्रोफेनोफॉसचे अर्धायुष्य सामू ५ असलेल्या पाण्यात शंभर दिवसांच्या आसपास असते, तर सामू ९ असलेल्या पाण्यात ते केवळ सात-आठ तासांवर येते. मॅलाथिऑन सामू ७ ला सुमारे सहा दिवस आणि सामू ९ ला सुमारे बारा तास टिकते. डायमेथोएटचे अर्धायुष्य सामू ७ ला दोन महिन्यांहून थोडे अधिक, तर सामू ९ ला चार-पाच दिवस असते. क्लोरपायरीफॉस त्या मानाने चिवट आहे. सामू ९ लाही त्याचे अर्धे प्रमाण मोडायला सुमारे दोन आठवडे लागतात.

तपासणीसाठी सामू मोजण्याच्या कागदी पट्ट्या पुरेशा असतात. विहिरीचा किंवा बोअरचा पंप थोडा वेळ चालू ठेवून ताजे पाणी स्वच्छ प्लॅस्टिकच्या भांड्यात घ्यावे, पट्टी बुडवावी आणि ओली असतानाच डबीवरील रंगांशी ताडून पाहावी. औषध मिसळण्याच्या बादलीत किंवा हौदात साठलेले पाणी तपासू नये, कारण सिमेंटच्या हौदामुळे त्याचा सामू वाढलेला असतो.

निष्कर्ष असा काढावा. सामू ७.५ किंवा त्याखाली असल्यास काहीही मिसळण्याची गरज नाही. सामू ७.५ ते ८.५ असल्यास औषध कालवल्यावर दोन तासांच्या आत फवारून संपवावे, एवढी काळजी पुरते. “पाणी खारे आहे, हे मिसळलेच पाहिजे” म्हणून दुकानात हातात ठेवली जाणारी महागडी बाटली अशा वेळी बहुधा अनावश्यक असते. सामू ८.५ च्या वर असेल तर मात्र पाणी दुरुस्त करावे.

दुरुस्तीसाठी लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, चालते. दहा लिटर पाण्याची बादली भरून त्यात पाव चहाचा चमचा लिंबूसत्व टाकावे, ढवळावे, दोन मिनिटे थांबून पट्टीने तपासावे, आणि सामू ६ ते ६.५ दरम्यान येईपर्यंत असेच थोडे-थोडे वाढवावे. दहा लिटरला जेवढे लागले त्याच्या दीडपटीहून किंचित जास्त १६ लिटरच्या पंपाला लागेल. हे प्रमाण वहीत लिहून ठेवावे. मात्र विहिरीचे पाणी ऋतूनुसार बदलते, म्हणून पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगळी तपासणी करावी.

नेहमीची चूक: औषध लागू पडले नाही असे वाटले की पुढच्या फवारणीत मात्रा दुप्पट केली जाते. कीड प्रतिकारक्षम झाली असेल, कीड ओळखण्यात चूक झाली असेल किंवा औषध पाण्यातच मोडले असेल. या तिन्ही शक्यतांमध्ये दुप्पट मात्रेचा पिकाला काही उपयोग होत नाही, फवारणाऱ्या माणसाच्या अंगावर पडणारे विष तेवढे दुप्पट होते.

टप्पा ३: मात्रा आणि पाणी यांचे गणित

डब्यासोबतच्या माहितीपत्रकात मात्रा हेक्टरी दिलेली असते, आणि शेतात विचारले जाते “पंपाला किती टाकू?” या दोहोंमधला हिशेब बहुतेकदा टोपणाच्या मापाने उरकला जातो. तो असा करावा. समजा, माहितीपत्रकात हेक्टरी १,५०० मिली औषध आणि ५०० लिटर पाणी सांगितले आहे. म्हणजे एका लिटर पाण्याला ३ मिली, १६ लिटरच्या पंपाला ४८ मिली. एकराला ६०० मिली औषध आणि २०० लिटर पाणी, म्हणजे साडेबारा पंप.

आता आपण खरोखर एकरी साडेबारा पंप मारतो का, हे तपासावे. एक गुंठा जागा आखून घ्यावी, पंपात मोजून साधे पाणी भरावे, नेहमीच्या चालीने व नेहमीच्या नोझलने ती जागा फवारावी आणि उरलेले पाणी मोजावे. गुंठ्याला पाच लिटर लागले तर चाळीस गुंठ्यांच्या एकराला २०० लिटर लागतील, म्हणजे हिशेब जुळला. बॅटरीच्या पंपाने किंवा पॉवर स्प्रेअरने हा आकडा बराच वेगळा येतो. अशा वेळी एकराला ६०० मिली ही मात्रा कायम धरून, प्रत्यक्षात लागणाऱ्या पंपांमध्ये ती वाटून घ्यावी. त्यामुळे द्रावण किती दाट होते तेही पाहावे. माहितीपत्रकात सांगितल्यापेक्षा फारच दाट होत असेल तर नोझल बदलावे किंवा चाल कमी करावी. मोजण्यासाठी मिलीच्या खुणा असलेले मापच वापरावे, आणि ते माप स्वयंपाकघरात परत जाता कामा नये.

टप्पा ४: अंग झाकणे

हे विष केवळ श्वासावाटे जाते असे समजून नाकाला रुमाल बांधला जातो आणि बाकी अंग उघडे राहते. फवारणीच्या कामात शरीरात जाणारे बहुतांश औषध कातडीवाटे जाते. पॅराथिऑन या याच कुळातल्या औषधावर माणसांमध्ये झालेल्या जुन्या प्रयोगांत दिसले होते की हाताच्या पुढच्या भागावर लावलेल्या औषधापैकी सुमारे नऊ टक्के रक्तात जाते, काखेतून साठ टक्क्यांहून अधिक, आणि वृषणाच्या नाजूक कातडीतून जवळजवळ सगळे. पाठीवरचा पंप झाकणापाशी किंवा नळीच्या जोडापाशी गळतो तेव्हा ओघळ पाठीवरून कमरेत आणि तिथून जांघेत उतरतो. म्हणून फवारणीपूर्वी पंपात साधे पाणी भरून, दाब देऊन, गळती तपासणे हे हातमोजे घालण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, पूर्ण विजार, रबरी गमबूट, नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला योग्य मास्क वापरावा. विजार बुटाच्या आत खोचू नये, बाहेर सोडावी. अन्यथा ओघळ थेट बुटात साठतो. पाठीवर पंपाखाली प्लॅस्टिकचा तुकडा बांधावा. कमरेएवढ्या पिकात हात खाली राहतात, तेव्हा हातमोजे बाहीच्या आत ठेवावेत. डोक्याएवढ्या उंच कपाशीत हात वर जातात, तेव्हा हातमोजे बाहीच्या बाहेर ठेवून त्यांची कड दुमडावी, म्हणजे ओघळ काखेकडे येत नाही.

इशारा: कापडी हातमोजे आणि ओला रुमाल टाळावेत. दोन्ही औषध शोषून घेतात आणि तासन्‌तास कातडीला चिकटवून ठेवतात.

टप्पा ५: औषध कालवणे

संपूर्ण कामात सर्वाधिक धोक्याची मिनिटे ही आहेत, कारण या वेळी हातात पाण्यात न मिसळलेले, मूळ ताकदीचे औषध असते. विहीर, ओढा, गोठा आणि मुले यांच्यापासून दूर, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून कालवावे. क्रम असा असावा.

१. पंपात अर्धे पाणी भरावे. सामू दुरुस्त करायचा असेल तर तो औषधाच्या आधी करावा.

२. भुकटी स्वरूपातील औषध असल्यास ते प्रथम वेगळ्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून ओतावे. पातळ, तेलकट, पाण्यात टाकल्यावर दुधासारखे पांढरे होणारे ईसी औषध त्यानंतर टाकावे.

३. काठीने ढवळावे. हाताने ढवळण्याची सवय, हातमोजे असले तरी, सोडावी.

४. उरलेले पाणी भरून झाकण घट्ट बसवावे आणि पंपाच्या बाहेर सांडलेले औषध धुऊन काढावे.

बोर्डो मिश्रण, चुना-गंधकाचे द्रावण किंवा बोरॅक्ससारखी विम्लधर्मी खते यांच्यासोबत ऑर्गॅनोफॉस्फेट कालवू नये, कारण तिथेही सामू वाढून औषध मोडते.

याहून गंभीर बाब म्हणजे दोन-तीन कीटकनाशके, टॉनिक आणि विद्राव्य खत एकाच पंपात टाकण्याची पद्धत. सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड औषधे शरीरातील ज्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) लवकर निष्प्रभ होतात, त्याच विकरांना ऑर्गॅनोफॉस्फेट अडवते. त्यामुळे दोन्ही एकत्र आल्यास किडीसाठी जसे विष वाढते तसे माणसासाठीही वाढते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. त्या हंगामातील वापरात प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रीनचे तयार मिश्रण होते, मोनोक्रोटोफॉसही होते. डोक्याच्या वर गेलेली दाट कपाशी, दमट उकाडा आणि घरीच केलेली मिश्रणे या सगळ्यांची त्यात भर पडली. लेबलवर न सांगितलेले मिश्रण करू नये, ही सूचना औपचारिकता म्हणून दिलेली नाही.

तपासणी: दोन तासांत संपेल तेवढेच द्रावण तयार केले आहे ना? दुपारच्या जेवणापर्यंत किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचे असेल तर कमी कालवावे.

टप्पा ६: प्रत्यक्ष फवारणी

वारा मंद व एका दिशेने वाहत असताना, सकाळी दव सुकल्यावर किंवा सायंकाळी फवारावे. पीक फुलोऱ्यात असेल तर सायंकाळचीच वेळ निवडावी, कारण ही औषधे मधमाश्यांना अतिशय घातक आहेत आणि सायंकाळी त्या पोळ्यात परतलेल्या असतात. भर उन्हात फवारल्यास घाम येतो, कातडीवाटे शोषण वाढते आणि माणूस अंगावरचे कपडे काढू लागतो.

वारा जिकडे जातो त्या धुऱ्यापासून सुरुवात करावी, वाऱ्याला आडवे चालावे आणि पिकाची एकेक ओळ मागे सोडत वाऱ्याच्या उगमाकडे सरकावे. त्यामुळे प्रत्येक वेळी पाय न फवारलेल्या पिकात पडतो आणि औषधाने भिजलेल्या झाडांतून जावे लागत नाही. उंच कपाशीत चेहऱ्याच्या वर नळी उचलून फवारू नये. तसे करणे भाग पडत असेल तर त्या उंचीच्या पिकात पाठीवरच्या पंपाने फवारणी करणेच टाळावे आणि पुढील हंगामात शेंडा खुडून झाडाची उंची आटोक्यात ठेवावी. नोझल तुंबल्यास तोंडाने फुंकू नये. गवताची काडी किंवा जुना टूथब्रश खिशात ठेवावा. तंबाखू, बिडी आणि खर्रा पूर्णपणे बाजूला ठेवावा. खर्र्याची पुडी सोडण्यासाठी हातमोजा काढला जातो आणि त्याच बोटांनी खर्रा तोंडात जातो.

एकाच माणसाने रोज फवारू नये. हे विष शरीरातील ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराला चिकटून त्याला बंद पाडते. मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा संदेश वेळेवर थांबवणे हे या विकराचे काम असते. रक्तातील तांबड्या पेशींमधला हा विकर एकदा कायमचा बंद पडला की नव्या पेशी तयार होतील तसाच भरून येतो, म्हणजे दिवसाला साधारण एक टक्का. सोमवारी थोडा कमी झालेला विकर मंगळवारी भरलेला नसतो, बुधवारी आणखी घटतो, आणि आठवडाभर काहीही त्रास न झालेला मजूर शनिवारी नेहमीएवढ्याच कामात कोसळतो. “इतकी वर्षे मारतो, मला काही होत नाही” या बोलण्यावर म्हणून विसंबू नये. जिथे मजूर हंगामभर फवारणी करतात तिथे हंगामाच्या आधी एकदा आणि मध्ये एकदा कोलिनेस्टरेजची रक्तचाचणी करून घ्यावी. आधीचा आकडा हाती असेल तरच नंतरची घट ओळखता येते.

टप्पा ७: काम संपल्यावर

पंपात उरलेले थोडे द्रावण पाणी घालून पातळ करावे आणि त्याच पिकावर मारून संपवावे. पंप तीनदा धुवावा आणि ते पाणीही शेतातच फवारावे. ओढ्यावर किंवा विहिरीच्या थारोळ्यात पंप धुऊ नये. रिकामा डबाही औषध कालवतानाच तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतावे, नंतर डब्याला भोके पाडावीत. असा डबा पाणी, तेल किंवा रॉकेलसाठी वापरू नये, आणि जाळूही नये, कारण धूर विषारी असतो.

जमिनीवर मूळ औषध सांडल्यास पाण्याने धुऊन काढू नये. कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकून ते शोषून घ्यावे, त्यावर चुना पसरावा, ओलसर करावे, आणि गोळा केलेली माती पाणवठ्यापासून दूर पुरावी. विम्लधर्मी पाण्यात औषध मोडते हा जो गुणधर्म टाकीत नुकसान करतो, तोच इथे उपयोगी पडतो.

इशारा: विहिरीत औषध पडल्याचा संशय असल्यास तीत ब्लीचिंग पावडर टाकू नये. क्लोरपायरीफॉसचा क्लोरीनशी संबंध आला की त्याचे क्लोरपायरीफॉस-ऑक्सॉन तयार होते आणि ते मूळ औषधापेक्षा कितीतरी अधिक विषारी असते. पाणी उकळणे हाही भरवशाचा उपाय नाही. विहिरीवर पाणी पिण्यास मनाई असल्याची पाटी लावावी, ग्रामपंचायतीला व आरोग्य केंद्राला कळवावे आणि पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी होईपर्यंत दुसरीकडून पाणी घ्यावे.

घरात शिरण्यापूर्वी कपडे काढून वेगळे भिजवावेत, साबणाने डोक्यापासून नखांपर्यंत अंघोळ करावी. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुतले जाऊ नयेत, आणि ते धुणाऱ्या बाईच्या हातातही रबरी मोजे असावेत.

टप्पा ८: विषबाधा ओळखणे आणि पहिला तास

डोके दुखणे, मळमळ, धूसर दिसणे, खूप घाम, तोंडाला लाळ सुटणे, पोटात मुरडा, जुलाब, छातीत घरघर आणि स्नायूंचे फडफडणे ही लक्षणे दिसतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. यांपैकी दोन-तीन लक्षणे दिसली तरी “ऊन लागले असेल” म्हणून झाडाखाली निजवू नये. क्रम असा ठेवावा.

१. माणसाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणावे. मदत करणाऱ्याने आधी हातमोजे घालावेत.

२. सर्व कपडे उतरवून साबण व भरपूर पाण्याने अंग, केस आणि नखे धुवावीत. डोळ्यांत गेले असल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाणी सोडावे.

३. शुद्ध हरपत असल्यास डाव्या कुशीवर निजवावे.

४. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचा डबा किंवा माहितीपत्रक रुग्णासोबत पाठवावे. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांकही सल्ल्यासाठी उपलब्ध आहे.

उलटी काढू नये. ईसी औषधातील पेट्रोलियम द्रावक फुप्फुसात गेल्यास नवे संकट उभे राहते. दूध, तूप, ताक किंवा मिठाचे पाणी पाजू नये.

डबा सोबत पाठवण्याचे कारण नीट समजून घ्यावे. दवाखान्यात दिल्या जाणाऱ्या ॲट्रोपिनच्या इंजेक्शनने लाळ, घाम आणि छातीतील पाझर आटोक्यात येतो. प्रालिडॉक्सिम हे दुसरे इंजेक्शन विकराला चिकटलेले विष सोडवण्याचा प्रयत्न करते, पण काही तासांनंतर ते बंधन असे घट्ट होते की सुटत नाही. डायमेथोएट व मॅलाथिऑन यांसारख्या औषधांत अर्धा विकर कायमचा निकामी व्हायला चारेक तास पुरतात. क्लोरपायरीफॉस व क्विनालफॉसमध्ये तोच काळ एका दिवसाहून अधिक असतो. म्हणून औषधाचे नेमके नाव डॉक्टरांना लगेच कळणे आवश्यक असते.

रुग्ण बोलू-चालू लागला की नातेवाईक सुट्टीचा आग्रह धरतात. तो धरू नये. विषबाधेनंतर पहिल्या ते चौथ्या दिवसादरम्यान काही रुग्णांना उशीवरून मान उचलता येत नाही, आणि पाठोपाठ श्वासाचे स्नायू दुबळे पडतात. अशा वेळी कृत्रिम श्वासाची सोय हाताशी असावी लागते. सुटी मिळाल्यावरही, रक्तातील विकर पूर्ववत झाल्याचे चाचणीत दिसेपर्यंत त्या माणसाला फवारणीला लावू नये.

टप्पा ९: शेतात पुन्हा जाणे आणि काढणी

फवारलेल्या शेतात निंदणी, वेचणी किंवा तोडणीसाठी किमान २४ तास आणि पीक पूर्ण कोरडे होईपर्यंत कोणालाही पाठवू नये. माहितीपत्रकात अधिक काळ सांगितला असल्यास तो पाळावा. पाऊस नसताना, धूळ बसलेल्या पानांवर यातील काही औषधांचे हवेच्या संपर्काने अधिक विषारी ऑक्सॉनमध्ये रूपांतर होते, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका गेला असे समजता येत नाही.

काढणीसाठी माहितीपत्रकातील प्रतीक्षा कालावधीच, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस, ग्राह्य धरावा, अंदाज लावू नये. अर्धायुष्याचा अर्थ तेवढ्या काळात अर्धे उरते असा आहे. दोन अर्धायुष्यांनंतर पाव उरते, आणि एक टक्क्याच्या खाली यायला सात अर्धायुष्ये लागतात. हा वेग परिस्थितीनुसार बदलतो. हिवाळ्यात तो मंदावतो, शेडनेट व पॉलिहाऊसमध्ये ऊन आणि पाऊस कमी लागल्याने अवशेष जास्त टिकतात, आणि कोरड्या जमिनीत औषध मोडणारे जिवाणू सुस्त असतात. क्लोरपायरीफॉस सेंद्रिय कर्बाला घट्ट चिकटते आणि शेतातील परिस्थितीनुसार त्याचे अर्धायुष्य काही आठवड्यांपासून चार महिन्यांपर्यंत जाऊ शकते. त्यापासून तयार होणारा टीसीपी हा घटक जिवाणूंनाच मारक असल्याने पुढचे विघटनही रेंगाळते. म्हणून जमिनीतून देण्याच्या मात्रेवर पाठोपाठ दुसरी मात्रा देऊ नये.

मोडणे म्हणजे निर्विष होणे, असेही प्रत्येक वेळी नसते. झाडात ॲसिफेटचा काही भाग मेथामिडोफॉसमध्ये आणि डायमेथोएटचा काही भाग ओमेथोएटमध्ये बदलतो, आणि हे दोन्ही मूळ औषधापेक्षा अधिक विषारी आहेत. ही आंतरप्रवाही औषधे रसावाटे फळापर्यंत पोहोचलेली असतात, त्यामुळे भेंडी किंवा वांगी कितीही धुतली तरी आतला अंश निघत नाही. भेंडीसारख्या एक दिवसाआड तोडणीच्या पिकात प्रतीक्षा कालावधी पाळणे व्यवहारात जमत नसेल, तर तोडणी सुरू झाल्यावर या कुळातील औषध वापरूच नये आणि निंबोळी अर्क, कामगंध सापळे किंवा त्या पिकासाठी शिफारस असलेले कमी प्रतीक्षेचे औषध निवडावे.

फवारणीची तारीख, औषधाचे नाव, मात्रा, पाण्याचा सामू आणि काढणीची सर्वांत लवकरची तारीख वहीत त्याच दिवशी लिहावी, आणि बांधावर काठीला लाल कापड बांधून शेजाऱ्यांना व गुराख्यांना सांगून ठेवावे. धुऱ्यावरच्या गवतावर उडालेले औषध कोणाच्या हिशेबात धरले जात नाही. प्रतीक्षा कालावधी संपेपर्यंत ते गवत कापून जनावरांना घालू नये, आणि शेळ्या त्या बाजूला सोडू नयेत.